दुधाच्या दातांचा धर्म

दुधाचे दात पडावयाचेच असतात, मग त्यांच्यासाठी एवढा आटापिटा कशाला, हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी इतक्या सहजपणे विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या मुद्रेवर व्यवहारज्ञानाचे असे काही समाधान विलसत असते, की त्याच्या पोटी तत्त्वज्ञानातला एक जुना आणि बिकट वाद दडलेला आहे अशी शंकाही कोणास येत नाही. जे जाणारच आहे त्याची निगा राखण्याचे आपल्यावर काही बंधन आहे काय, हा तो वाद होय. देह नश्वर आहे हे ओळखणे हाच शहाणपणाचा आरंभ, असे मानणाऱ्या परंपरेत आपण वाढलो असल्यामुळे, तीन वर्षांच्या नातवाची किडलेली दाढ पाहून ‘पडेल आपोआप’ असे म्हणणारी आजी नकळत एका थोर दर्शनाची भाषा बोलत असते. त्या दर्शनाने या भाषेसाठी मोजलेली किंमत मात्र तिने मोजलेली नसते.

व्यवहारापुरते उत्तर कोणीही दंतवैद्य देईल. दुधाचे दात वीस. पहिला साधारणतः सहाव्या महिन्याच्या सुमारास दिसतो, अडीच-तीन वर्षांत सगळे येतात, सहाव्या वर्षापासून पडू लागतात आणि शेवटची दुधाची दाढ जाते तेव्हा मूल अकरा-बारा वर्षांचे झालेले असते. म्हणजे आज तीन वर्षांच्या असलेल्या मुलाला याच दाढांवर आणखी आठ-नऊ वर्षे घास चावावयाचे आहेत. शिवाय पक्क्या दाताची जागा दुधाचा दात राखून ठेवतो. तो मुदतीपूर्वी गेला तर शेजारचे दात सरकतात आणि मागाहून येणाऱ्यास वाकडी वाट धरावी लागते. त्यातही सहाव्या वर्षी येणारी पहिली पक्की दाढ तर कोणाचीही जागा न घेता, दुधाच्या दाढांच्या मागे निमूटपणे उगवते, आणि आधी काही पडलेले नसल्यामुळे घरचे लोक तिलाही दुधाचीच समजून तिची हेळसांड करतात. जन्मभर पुरावयाची ती दाढ पुष्कळदा अशा गैरसमजापायीच बाद होते.

परंतु हा झाला हिशेब, आणि हिशेबाने प्रश्न मिटतो असे मला वाटत नाही. उद्या येणाऱ्या दातासाठी आजच्या दाताची निगा राखावयाची असे म्हटले, म्हणजे आजच्या दाताला स्वतःचा असा काही हक्क नाही हे आपण कबूल केल्यासारखेच झाले. क्षणभर असे धरून चला, की या दाढेच्या मागे कोणतीही दुसरी दाढ येणार नाही आणि तिच्या असण्यानसण्यावर पुढचे काहीच अवलंबून नाही. तरीही मध्यरात्री गाल धरून रडत उठलेल्या मुलाची वेदना त्यामुळे कणभर तरी उणी होते काय? दात तात्पुरता आहे म्हणून दुखणे तात्पुरते ठरत नाही, आणि दुखणे तात्पुरते ठरले तरी ते खोटे ठरत नाही. ‘पडणारच आहे’ हे विधान दाताविषयी खरे असेल. पण ज्याला तो दुखतो आहे त्याच्या बाबतीत ते अप्रस्तुत आहे.

देहाविषयीची उदासीनता हे उसने घेण्याजोगे तत्त्व नव्हे, हे पाहावयाचे असेल तर जैन मुनींकडे पाहावे. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत स्नान न करणे आणि दंतधावन न करणे या दोन व्रतांचा स्पष्ट अंतर्भाव आहे. सांगली-कोल्हापूरच्या बाजूस ज्यांनी मुनिसंघाचा विहार पाहिला आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. देहाचे लाड पुरवावयाचे नाहीत आणि सूक्ष्म जीवांची हिंसाही होऊ द्यावयाची नाही, अशी त्यामागील भूमिका. मात्र ज्याने दंतधावन सोडले आहे तो मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, स्वतःच्या ओंजळीत घेऊन आहार करतो. वस्त्र, घर, अंथरूण यांचा त्याने आधीच त्याग केलेला असतो, आणि समय आला म्हणजे तो आहारही क्रमाने सोडतो. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 साली कुंथलगिरीवर सल्लेखना स्वीकारून देह ठेवला, तेव्हा या विचारधारेने आपला शेवटचा शब्दही खरा करून दाखविला. या वैराग्याशी मतभेद असू शकतो. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेता येणार नाही. आता मुलाच्या एका हाती क्रीमचे बिस्कीट आणि दुसऱ्या हाती साखर घातलेल्या दुधाची बाटली देऊन, दातांचा विषय निघताच देहाच्या क्षणभंगुरतेचा दाखला देणाऱ्या गृहस्थांना या पंक्तीत कोठे बसवावे? त्यांनी वैराग्यातून तेवढी सूट उचलली आहे, आणि तीही स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या देहाच्या खर्चाने. व्रत हे समजून-उमजून, स्वतःच्या नावे घ्यावयाचे असते. दोन वर्षांच्या मुलाच्या नावे कोणाला वैराग्य पत्करता येत नाही.

मग मुलाच्या नावे काय पत्करता येते? येथे आपल्या धर्मशास्त्राकडे वळले असता एक मौजेची गोष्ट आढळते. प्रौढाच्या दंतधावनाविषयी स्मृतिकार आणि निबंधकार यांनी दाखविलेली दक्षता थक्क करणारी आहे: काष्ठ कोणत्या वृक्षाचे असावे, किती अंगुळे लांब असावे, कोणत्या दिशेस तोंड करावे, हे सारे त्यांनी ठरवून दिले, प्रतिपदा, षष्ठी, नवमी, अमावास्या इत्यादी तिथींस काष्ठ वर्ज्य करून त्याऐवजी पाण्याच्या बारा चुळा भरण्याची सोय केली. महामहोपाध्याय काणे यांनी 1941 साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशास्त्रेतिहासाच्या दुसऱ्या खंडात या सर्व नियमांचा परामर्श घेतला आहे. पण मुंज न झालेल्या मुलाविषयी विचारावे तर गौतमाचे धर्मसूत्र त्याला एका फटक्यात मोकळे करते: उपनयनापूर्वी मुलाने वागण्यात, बोलण्यात आणि खाण्यात वाटेल तसे असावे, त्याला आचमनाचा नियम नाही. (पुढे ब्रह्मचारी झाल्यावर तर हेच सूत्र त्याला ज्या गोष्टी टाळावयास सांगते त्यांत दंतधावनही आहे, म्हणजे जुन्या काळच्या बटूला दात घासण्याची पाळी बऱ्याच उशिरा येत असावी, निदान कागदोपत्री.) दातांच्या किडीला मुंजीची वाट पाहण्याची सवय नाही, हे स्मृतिकारांच्या ध्यानी आले नसावे, असे म्हणून हसण्याचा मोह येथे होतो.

तो आवरून सूत्र पुढे वाचावे, म्हणजे गौतमाचे म्हणणे निराळेच आहे असे दिसते. मुलाला शुद्धीचा नियम नाही खरा, परंतु त्याला पुसणे, धुणे आणि त्याच्यावर पाणी शिंपडणे एवढे मात्र करावयाचे, असा अपवाद त्याने लगोलग सांगितला आहे. मूल स्वतः हे करणार नाही, हे उघड आहे. कर्तव्य नाहीसे झालेले नाही. ते केवळ मुलाच्या शिरावरून उतरून मोठ्यांच्या शिरावर चढले आहे. मुलाच्या स्वैरतेचा अर्थ मोठ्यांची जबाबदारी, हा केवढा थोर विचार त्या लहानशा सूत्रात दडला आहे! आणि योगायोगाची गंमत अशी, की ब्राह्मणाच्या मुलासाठी उपनयनाचे सांगितलेले आठवे वर्ष हेच साधारणतः ते वय आहे, ज्याच्या अलीकडे मुलाच्या बोटांना आणि मनगटाला मागच्या दाढांपर्यंत नीट ब्रश फिरविण्याइतकी सफाई येत नाही, असे आजचे दंतवैद्य सांगतात. तोवर मुलाने स्वतः घासले तर कौतुक करावे, आणि मग ब्रश आपल्या हाती घेऊन पुन्हा घासावे.

मला या नात्याचे स्वरूप अज्ञान वारसाच्या जहागिरीचा कारभार पाहणाऱ्या कारभाऱ्याचे वाटते. जहागीर त्याची नव्हे. वारसाची सहीही त्याला मिळावयाची नाही, कारण वारसाला अजून अक्षरओळख नाही. तरी प्रत्येक दिवसाचा निर्णय त्यालाच घ्यावयाचा असतो, आणि वारस जाणता झाला म्हणजे त्याच्यापुढे दप्तर उघडून ठेवावयाचे असते. ‘तेव्हा तुम्ही लहान होता, म्हणून मी लक्ष दिले नाही’ हे उत्तर अशा वेळी कोणता मामलेदार ऐकून घेईल? उलट लहानपण हेच तर कारभाराचे कारण होते.

या कारभाराची कलमे फार नाहीत. पहिला दात दिसला की मऊ ब्रशने आरंभ करावा. तीन वर्षांच्या आत फ्लोराइडयुक्त पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, त्याहून अधिक नको, कारण लहान मूल ती गिळते. दूध पाजून बाटली तोंडात ठेवून मुलाला झोपवू नये. आणि आठवड्यातून एकदा वरचा ओठ उचलून पाहावे. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली वर्दी समजावी. या टप्प्यावर दुखणे परतवता येते, पुढे येत नाही.

यापैकी ब्रशच्या कलमाचा जो भाग आपल्या घरांतून हटकून गळतो तो रात्री घासण्याचा, आणि त्याच्या गळण्याला एक तात्त्विक बाजू आहे म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे. तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या कवचातील क्षार विरघळविते, ही गोष्ट बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने 1890 साली आपल्या ग्रंथात मांडली. त्या आम्लावर उतारा म्हणजे लाळ. झोपेत लाळेचा झरा जवळजवळ आटतो, म्हणून रात्री तोंडात राहिलेला गोडाचा कण दिवसाच्या कणापेक्षा अधिक नाश करतो. आयुर्वेदाने दंतधावन सकाळी आणि जेवणानंतर असे दोन वेळा सांगितले होते. स्मृतींचा भर मात्र पहाटेवर होता, कारण त्यांच्या दृष्टीने ती संध्येची पूर्वतयारी होती, आणि आपल्या वहिवाटीत पहाट तेवढी टिकली. देवापुढे, गुरूपुढे, चारचौघांत जावयाचे म्हणून तोंड स्वच्छ करावे, हा सकाळच्या दात घासण्याचा अर्थ. त्याला साक्षीदार असतात. रात्री घासलेल्या दातांना कोणी पाहणार नसते, झोपणाऱ्याच्या मुखाला येणाऱ्या वासाबद्दल कोणी तक्रार करणार नसते. शुद्धी ही लोकांसाठी की स्वतःसाठी, या प्रश्नाची परीक्षा घ्यावयाची असेल तर रात्री नऊ वाजता, मूल पेंगत असताना आणि आईबापही थकलेले असताना घ्यावी. आपल्यापैकी पुष्कळजण या परीक्षेत नापास आहेत, आणि मुलेही त्याच वर्गात बसलेली आहेत.

कारभार कोणत्या रीतीने करावा, हा पुढचा प्रश्न. बौद्ध विनयपिटकात याविषयी एक प्रसंग आहे. बुद्धाने भिक्षूंना दंतकाष्ठाची अनुज्ञा दिली, मुखाची दुर्गंधी जाणे, अन्नाला रुची येणे इत्यादी पाच लाभ सांगितले; तेव्हा काही उच्छृंखल भिक्षू चांगली लांबलचक दंतकाष्ठे बाळगू लागले आणि त्यांनीच श्रामणेरांना, म्हणजे संघातील पोरसवदा नवशिक्यांना, झोडपू लागले. तक्रार बुद्धाकडे गेली आणि दंतकाष्ठ आठ अंगुळांपेक्षा लांब नसावे असा दंडक झाला. मग कोणी अगदीच आखूड काष्ठ वापरले ते घशात अडकले, तेव्हा चार अंगुळांची खालची मर्यादाही घालावी लागली. स्वच्छतेचे साधन धाकाचे साधन होण्यास किती थोडा अवधी लागतो, हे त्या करुणामय पुरुषाने पाहिले, आणि उपदेशाऐवजी त्याने काठीची लांबीच कमी केली. इस्लामच्या परंपरेतही पैगंबरांचे असे सांगणे नोंदलेले आहे, की अनुयायांना जड जाईल ही भीती नसती तर प्रत्येक नमाजाच्या वेळी मिसवाक करण्याची आज्ञा आपण केली असती. आज्ञेचा अधिकार हाती असताना, दुसऱ्याला ती जड जाईल म्हणून न वापरलेला तो अधिकार मला त्या आज्ञेपेक्षाही मोलाचा वाटतो.

आपण मात्र मुलांना किड्याचे भय दाखवितो. ‘दात घासले नाहीस तर किडा खाईल’ हे वाक्य ऐकूनच आपल्या पिढ्या वाढल्या; सुश्रुताने दंतरोगांत कृमिदंतक गणला आहे, तेव्हा या किड्याची वंशावळ तशी जुनीच. तो दातात कोठेच नाही हे मिलरच्या ग्रंथानंतर शतकभर माहीत असूनही आपण त्याला सोडीत नाही, कारण भय स्वस्त आहे. भयाने केलेली क्रिया भय संपताच संपते. मूल सहा-सात वर्षांचे झाले, किडा खोटा असे त्याला कळले, म्हणजे ब्रशही सुटतो. दुसरा मार्ग किळसेचा. पतंजलीने शौच हा नियम सांगून त्याचे फळ म्हणून स्वतःच्या देहाविषयी जुगुप्सा सांगितली आहे, आणि साधकाच्या दृष्टीने ते यथार्थही असेल. पण ज्याची आपल्या देहाशी अजून नीट ओळखही झालेली नाही त्या बालकाला ‘शी, घाणेरडे तोंड!’ म्हणून तीच जुगुप्सा आरंभीच पाजणे म्हणजे फळ झाडाआधी लावण्यासारखे आहे.

त्याच पतंजलीने अभ्यास दृढ होण्याच्या ज्या तीन अटी घातल्या आहेत त्या मला येथे अधिक उपयोगी वाटतात: तो दीर्घकाळ चालावा, त्यात खंड नसावा आणि तो आदराने केलेला असावा. पहिल्या दोन अटी प्रत्येक आईला ठाऊक आहेत. तिसरी अट घड्याळाने मोजता येत नाही, म्हणून ती सुटते. मुलाचे डोके मांडीवर घेऊन, त्याला आधी सांगून, त्याचा जबडा न आवळता, घाईत न ओरबाडता दोन मिनिटे त्याचे दात घासणे हे त्या अटीचे घरगुती रूप होय. ज्याच्या तोंडाला रोज असा आदराचा स्पर्श होतो, त्याला आपले तोंड आदरणीय आहे हे वेगळे शिकवावे लागत नाही. न समजता केलेल्या कर्माला पुण्य कसले, असे कोणी विचारतील. त्या दोन मिनिटांचे पुण्य मुलाचे नाहीच, कारभाऱ्याचे आहे. मुलाच्या पदरी फक्त वळण पडते, आणि त्याला अर्थ देणे हे पुढे त्याचे त्याने करावयाचे असते.

जुन्या घरांतून राखुंडी, कडुनिंबाची काडी, माकडछाप काळी पूड अशी साधने होती, आणि त्यांबरोबरच मशेरीही होती. तंबाखू भाजून केलेली ती पूड सकाळी दातांना लावून उंबऱ्याशी बसलेली बाई आपल्या खेड्यांतून आजही दिसते, आणि शेजारी बसलेली नात बोट तिच्या डबीत घालते, तेव्हा दात स्वच्छ करण्याच्या नावाखाली व्यसनाची दीक्षा होते. दंतमंजनांत तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने 1992 साली बंदी केली. डबीतली मशेरी त्या हुकमाच्या आवाक्याबाहेरच राहिली. श्रेष्ठ माणूस जे आचरतो तेच इतरेजन आचरतात, हा गीतेचा सिद्धान्त आपण राजेलोकांना आणि पुढाऱ्यांना लावतो. चार वर्षांच्या मुलीच्या जगात श्रेष्ठ कोण, याचा विचार करीत नाही.

शेवटी गोडाविषयी लिहिले पाहिजे, आणि ते लिहिताना लेखणी थोडी अडखळते. साखरेच्या प्रमाणापेक्षा ती किती वेळा आणि किती चिकट रूपात खाल्ली जाते यावर कीड अधिक अवलंबून असते, हे ज्ञान आपणांस मुख्यत्वे स्वीडनमधील लुंड शहराच्या व्हिपेहोल्म रुग्णालयातून मिळाले. तेथे ठेवलेल्या मतिमंद रुग्णांवर गेल्या शतकाच्या चाळिशीच्या उत्तरार्धात प्रयोग झाले. काहींना जेवणात गोड दिले, काहींना दोन जेवणांच्या मधल्या वेळी मुद्दाम दातांना चिकटतील अशा टॉफी दिल्या, एका गटाला तर दिवसाला चोवीसपर्यंत. जेवणातल्या गोडाने फारसे बिघडले नाही. टॉफी खाणाऱ्यांचे दात मात्र भराभर किडले. 1954 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे स्वीडनमध्ये मुलांना गोड खाऊ आठवड्यातून एकदा, शनिवारी देण्याची चाल पडली. ज्यांच्या दातांवर हे ज्ञान मिळाले त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि त्यांना नाही म्हणण्याची शक्तीही नव्हती. तेही कोणाच्या तरी कारभारातले अज्ञान वारसच होते, आणि त्या कारभाऱ्यांनी जहागीर स्वतःच्या कामासाठी खर्ची टाकली. अशा रीतीने मिळालेले ज्ञान वापरावे की न वापरावे, यावर नीतिशास्त्रज्ञ वाद घालतात. मला वाटते ते वापरावे, कारण न वापरल्याने त्या अभाग्यांचे काही परत मिळत नाही. पण वापरावयाचे तर अर्धवट वापरू नये.

आणि आपण ते अर्धवटच वापरतो. सणाच्या पानावरची पुरणपोळी किंवा पंगतीतली जिलबी मुलाला नाकारण्याचे काहीही कारण नाही. गोड खावयाचे तर ते जेवतानाच खावे. पण बालवाडीतल्या प्रत्येक वाढदिवसाला टॉफी वाटण्याचा शिरस्ता, रडू थांबविण्यासाठी खिशातून निघणारी गोळी, भेटीस येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे चॉकलेट, ही सगळी मधल्या वेळची आणि चिकट दाने आहेत. यंदाच्या पालकसभेत कोणीतरी उठून, वाढदिवसाला टॉफीऐवजी फळ किंवा भाजलेले शेंगदाणे वाटावेत, एवढी सूचना मांडावी. सभेत थोडी कुजबुज होईल, एखादी आजी नाराज होईल, तरी सूचना लेखी द्यावी आणि शाळेच्या दप्तरी तिची नोंद करवून घ्यावी.